जुने के८३, के८४ आणि एस८८ नव्या सेंट्रलला जोडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुमच्या प्रतिकृती-रेल्वेत मेर्क्लिन कंपनीच्या जुन्या ६०२१ सेंट्रलवर, म्हणजे सगळ्यांना हुकूम देणाऱ्या पेटीवर, सहा के८३ (सांधे बदलणारे डिकोडर, म्हणजे हुकूम उलगडून अमलात आणणाऱ्या पेट्या), दोन के८४ (दिवे-मोटारी चालू-बंद करणारे डिकोडर), तीन एस८८ (रुळावर गाडी आहे का ते सेंट्रलला कळवणारे मॉड्यूल) आणि एक कीबोर्ड (सांध्यांच्या बटणांची पेटी) वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होते, आणि आता त्या जागी सेंट्रल स्टेशन ३ आले आहे. के८३वरचे काही सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, अर्ध्यावर अडकतात. दुसऱ्याकडून घेतलेल्या दोन डीसीसी (ही वेगळी डिजिटल पद्धत) डिकोडरांचे क्रमांक चारने सरकलेले दिसतात आणि त्यांतल्या एकावरचे सांधे गुणगुणत गरम होतात. एस८८ मध्येच गाडी नसलेल्या रुळावर गाडी दाखवतो, आणि कीबोर्ड कुठे खोचायचा हेच कळत नाही. तेव्हा हे सगळे काढून टाकून नवे डिकोडर घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

टाकू नका, निदान आज तरी नाही. लेआउटची, म्हणजे प्रतिकृती-रेल्वेच्या मांडणीची, वायरिंग आणि दुरुस्ती हे माझे काम असल्यामुळे असे मिश्र संच वारंवार हाताखालून जातात, आणि त्यांच्याकडे पाहताना उपकरण किती जुने आहे हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारतो. त्याआधी तीन गोष्टी पाहतो : उपकरणाला हुकूम कोठून मिळतो, तो कोणत्या भाषेत असतो, आणि सांधा हलवणाऱ्या कॉइलला दिलेली वीज बंद कोण करते. तुमच्या पाचही तक्रारींची उत्तरे या तीन प्रश्नांत बहुतेक सापडतात, आणि त्यांतली तिसरी बाब सर्वांत कमी लक्षात घेतली जाते, म्हणून तिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

हुकूम कोठून मिळतो हे आधी पाहू. के८३, के८४ आणि तुमचे डीसीसी डिकोडर हे तिन्ही लाल-तपकिरी अशा दोन तारांवर, म्हणजे रुळांवरच्या सिग्नलवर, ऐकत बसलेले असतात. त्या तारांवर सिग्नल कोणत्या पेटीने घातला याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, त्यामुळे नवी सेंट्रल त्यांची भाषा बोलत असेल तर ते चालतात. एस८८ आणि कीबोर्ड मात्र कंपनीच्या स्वतंत्र केबलवरचे आहेत. एस८८ची केबल-पद्धत इतकी रुजली की ती आजही अनेक कंपन्यांच्या सेंट्रलवर टिकून आहे, पण ६०२१च्या बाजूला खोचायच्या कीबोर्डचा जोड नव्या पेट्यांवर राहिलेला नाही. म्हणून कीबोर्डचा विचार वेगळा करावा लागेल, तो शेवटी करतो.

आता भाषा. मेर्क्लिनची ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आली, आणि तिच्यात मोटोरोलाच्या तयार एन्कोडर-डिकोडर चिप वापरल्यामुळे तिला मोटोरोला फॉरमॅट, म्हणजेच एमएम, हे नाव पडले. मेर्क्लिनच्या या पत्त्यात चार स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानाला तीन अवस्था असतात, त्यामुळे एकूण ८१ पत्ते होतात व त्यांतले ८० वापरले जातात. के८३ची झाकणी उघडलीत तर आठ डिप स्विच दिसतील. ते एकेकटे वाचायचे नसतात, जोडीजोडीने वाचायचे असतात : १-२, ३-४, ५-६ आणि ७-८. जोडीतला पहिला ऑन, दुसरा ऑन किंवा दोन्ही ऑफ, अशा त्या तीन अवस्था. पहिल्या चार सांध्यांच्या पत्त्याला २, ३, ५ आणि ७ हे स्विच ऑन असतात, पुढच्या चार सांध्यांना, म्हणजे ५ ते ८ला, फक्त ३, ५ आणि ७. एका जोडीतले दोन्ही स्विच ऑन असलेला पत्ता तक्त्यात नसतो, तेव्हा तसे कुठे दिसले तर तो डिकोडर गप्प का आहे हे वेगळे शोधायला नको.

एका के८३वर चार सांधे, म्हणून ८० पत्त्यांवर ३२० सांधे होतात. ६०२१वर सोळा कीबोर्ड लावता येत आणि प्रत्येकावर सोळा सांधे असत, त्यामुळे तिथे मर्यादा २५६ होती. जुने क्रमांक नव्या पडद्यावर आणण्यासाठी हिशोब सरळ आहे : कीबोर्डच्या क्रमांकातून एक वजा करा, त्याला सोळाने गुणा आणि त्यात बटणाचा क्रमांक मिळवा. दुसऱ्या कीबोर्डचे तिसरे बटण म्हणजे १९. सेंट्रल स्टेशनवर सांधा नोंदवताना पत्त्याशेजारीच प्रोटोकॉल, म्हणजे भाषा, विचारला जातो, आणि तिथे के८३साठी एमएमच निवडलेले हवे. चुकून डीसीसी राहिले तर पडद्यावरचा सांधा आज्ञाधारकपणे बदलतो आणि टेबलावरचा जागचा हलत नाही. काही जण इंजिनाचा पत्ता आणि सांध्याचा पत्ता एकच झाला तर गोंधळ होईल म्हणून घाबरतात. एमएममध्ये सांध्यांचे संदेश इंजिनांच्या संदेशांच्या दुप्पट वेगाने पाठवले जातात, त्यामुळे इंजिन ५ आणि के८३वरचा सांधा ५ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. के८३च्या आत वेळ मोजणारे काहीही नाही. ‘चालू’ हा संदेश आला की तो कॉइलला वीज सोडतो, आणि ‘बंद’ हा संदेश येईपर्यंत सोडत राहतो. ६०२१च्या काळात हे दोन्ही संदेश तुमच्या बोटावर अवलंबून होते : बटण दाबले की चालू, सोडले की बंद. एखादा सांधा जड झाला असेल तर माणूस नकळत बटण क्षणभर जास्त दाबून धरतो, पाती पलीकडे गेल्याचा आवाज कानावर पडला की सोडतो, आणि सांधा ठीक आहे असे समजतो. सेंट्रल स्टेशनच्या पडद्यावर तुम्ही केवळ स्पर्श करता, आणि चालू व बंद यांमधला वेळ त्या सांध्यासाठी नोंदवलेल्या आकड्यावरून ठरतो. तो आकडा सहसा सेकंदाचा पाचवा भाग किंवा त्याच्या आसपास असतो. ज्या सांध्यांना इतकी वर्षे तुमचे बोट सांभाळून घेत होते, नेमके तेच आता अर्ध्यावर अडकत आहेत, असा माझा अंदाज आहे.

याची खातरजमा सोपी आहे. अडकणारा एक सांधा घ्या, त्याच्या नोंदीत जाऊन स्विचिंगची वेळ २०० मिलिसेकंदांवरून ५०० मिलिसेकंदांवर न्या आणि दोन्ही दिशांना काही वेळा बदलून पाहा. सांधा आता ठाम बसत असेल तर डिकोडर आणि सेंट्रल दोघेही निर्दोष आहेत. मात्र लगेच सगळ्या सांध्यांना ५०० देऊन मोकळे होऊ नका. ज्या सांध्यांच्या यंत्रात टोकाला पोहोचल्यावर वीज तोडणारे संपर्क आहेत त्यांना लांब पल्स, म्हणजे विजेचा लांब झटका, चालते, कारण काम झाल्यावर कॉइल आपोआप सुटते. असे संपर्क नसलेल्या जुन्या यंत्रांत मात्र सगळी पल्स कॉइलच्या तारेत उष्णता होऊन मुरते. एकेका सांध्यापुरते हे फारसे जाणवत नाही, पण एका मार्गात तोच सांधा वारंवार बदलला जात असेल तर कॉइलचे प्लॅस्टिक मऊ होऊन आतला गाभा अडकू लागतो. म्हणून मी २५० पासून सुरुवात करतो, गरज असेल तिथेच वाढवतो, आणि पाती हाताने हलवून पाहिल्याशिवाय वाढवतच नाही. बहुधा जड सांध्याचे कारण पात्यांखालची धूळ, सुकलेले तेल किंवा टोकाच्या संपर्कांवरचा काळेपणा हेच निघते, आणि ते साफ केल्यावर आकडा पुन्हा खाली आणता येतो.

वेळ वाढवूनही सांधा ढिलाच राहिला तर व्होल्टेजकडे वळा. ६०२१ला १६ व्होल्टचा एसी ट्रान्सफॉर्मर लागत असे आणि तिच्यात व्होल्टेज काटेकोर बांधून ठेवण्याची सोय नव्हती. १६ व्होल्ट एसीचे शिखर साडेबावीस व्होल्टच्या जवळ जाते, आणि गाड्या थांबलेल्या असताना रुळांवर त्याच्या आसपासचा दाब मिळत असे. नव्या सेंट्रलला स्थिर डीसी पुरवठा असतो आणि रुळांवर अठराएक व्होल्ट मिळतात, काही सेंट्रलवर ते आणखी खाली लावलेले असतात. फरक दिसायला चार व्होल्टचा आहे, पण कॉइलची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे ढोबळमानाने धरले तर २२ वरून १८ वर येताना तिसरा हिस्सा ओढ कमी होते. त्यात रुळांमधून किंवा बारीक तारेतून वीज दूरच्या के८३पर्यंत नेली असेल तर पल्सच्या क्षणी आणखी एखाद-दुसरा व्होल्ट वाटेतच गळतो. हे मोजायला जाल तर एक सूचना : साधा मल्टिमीटर डिजिटल रुळांवरचा चौकोनी सिग्नल बरोबर वाचत नाही, त्यामुळे त्याचा आकडा फक्त तुलनेपुरता वापरावा, म्हणजे सेंट्रलजवळ किती आणि दूरच्या के८३जवळ किती, एवढ्यासाठी.

यावर मी करतो तो उपाय म्हणजे सांध्यांसाठी वेगळी, जाड तारेची जोडी टाकणे. ही जोडी रुळांना मध्ये कुठेही न भेटता सरळ सेंट्रलपासून, किंवा तिच्या स्वतंत्र बूस्टरपासून (सेंट्रलचा सिग्नल जास्त ताकदीने पुढे देणाऱ्या पेटीपासून), सर्व के८३ आणि के८४पर्यंत जाते. बूस्टर वेगळा ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. गाडी चुकीच्या बाजूने सांध्यावर चढून शॉर्ट झाला की रुळांची वीज जाते, आणि के८३ त्याच विजेवर असेल तर ज्या सांध्यामुळे शॉर्ट झाला तोच तुम्हाला बदलता येत नाही. स्वतंत्र पुरवठ्यावर सांधा बदलतो आणि गाडी हात न लावता मोकळी होते. तुमचा लेआउट एका टेबलापुरता असेल तर बूस्टरचा खर्च मी सुचवणार नाही, नुसती जाड तार पुरे. मोठा असेल आणि मार्ग आपोआप लागत असतील तर मात्र तो खर्च वसूल होतो. मार्गांच्या बाबतीत एवढेच पाहा की एका मार्गातले सांधे एकामागून एक, मध्ये थोडे अंतर ठेवून बदलतात. सगळ्या कॉइल मध्ये अंतर न ठेवता ओढल्या गेल्या तर शेवटच्या सांध्याच्या वाट्याला खचलेले व्होल्टेज येते.

के८४बद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पत्त्याची पद्धत के८३चीच आहे, आत झटक्यावर बदलून तिथेच थांबणारे रिले आहेत, आणि त्यांच्या संपर्कांवरचे दिवे किंवा मोटारी वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असल्यामुळे रुळांवरच्या व्होल्टेजचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

डीसीसी डिकोडरांचे क्रमांक सरकण्यामागे बिघाड नाही, मोजण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये डीसीसीची मानके स्वीकारली, आणि त्यांत सांधा-डिकोडरला नऊ बिटांचा पत्ता असून प्रत्येक पत्त्यावर आउटपुटांच्या चार जोड्या, म्हणजे चार सांधे, असतात. माणसाला मात्र डिकोडर ७, जोडी २ असे लक्षात ठेवणे जड जाते, म्हणून प्रत्येक सेंट्रल हे एका सलग क्रमांकात रूपांतरित करून दाखवते. काही यंत्रणांनी डिकोडरांची मोजणी शून्यापासून धरली, काहींनी एकापासून. रोको कंपनीच्या जुन्या यंत्रणा शून्यापासून मोजतात, लेन्झ कंपनीच्या एकापासून, आणि रेलकम्युनिटी या युरोपीय उत्पादकांच्या संघटनेने आरसीएन-२१३ या नियमात एकापासूनची मोजणी घेतली. एका डिकोडरवर चार सांधे असल्यामुळे ही एकाची तफावत सांध्यांच्या क्रमांकांत बरोबर चारची होते. आधीच्या मालकाकडे ५ ते ८ असलेले सांधे तुमच्याकडे १ ते ४ म्हणून हलतात ते यामुळेच. क्रमांकातून चार वजा करून नोंद करा, किंवा डिकोडरला नवा पत्ता शिकवा. अनेक जुन्या डिकोडरांवर एक छोटे बटण असते : ते दाबायचे, सेंट्रलवरून हव्या त्या क्रमांकाचा सांधा एकदा बदलायचा, आणि डिकोडर तो पत्ता उचलतो. जो डिकोडर आधीच्या घरी १ ते ४ होता त्याला या शिकवणीशिवाय गत्यंतर नाही, कारण एकापासून मोजणाऱ्या सेंट्रलला त्याचा शून्य पत्ता सहसा गाठता येत नाही.

गुणगुणणारे सांधे मात्र गांभीर्याने घ्या, आणि हे वाचून झाल्यावर त्या डिकोडरची वीज आधी काढा. के८३च्या उलट, बहुतेक डीसीसी डिकोडर पल्सची लांबी स्वतः मोजतात, आणि ती लांबी चार जोड्यांसाठी सीव्ही ३ ते सीव्ही ६ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधले सेटिंगचे क्रमांकित कप्पे) ठेवलेली असते. मानकानुसार तिथे शून्य असेल तर जोडी सतत चालू राहते, म्हणजे दिव्यांच्या सिग्नलसाठी लागते तशी. आधीच्या मालकाने तो डिकोडर दिव्यांच्या सिग्नलला लावला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि तुम्ही त्यावर कॉइलचे सांधे लावले आहेत. या चारही सीव्हींत छोटी किंमत भरा. एककाची लांबी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून नेमका आकडा त्या डिकोडरच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्रोग्रॅमिंग करताना डिकोडर ‘उत्तर देत नाही’ असा संदेश आला तर घाबरू नका : डिकोडर होकार देतो तो कॉइलमधून प्रवाह ओढून, त्यामुळे निदान एक कॉइल जोडलेली असल्याशिवाय सेंट्रलला तो होकार ऐकू येत नाही.

इथवर रुळांवर ऐकणारी उपकरणे झाली : के८३साठी भाषा, वेळ आणि व्होल्टेज, डीसीसीसाठी क्रमांक आणि सीव्ही. आता केबलवरची दोन.

एस८८ नव्या सेंट्रलला जोडता येतो, पण कसा ते तुमच्याकडे कोणते मॉडेल आहे यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही ते लिहिलेले नाही. सेंट्रल स्टेशन ३ प्लसवर एस८८चा जोड पेटीवरच आहे, साध्या सेंट्रल स्टेशन ३ला मध्ये एल८८ हे जोडणारे मॉड्यूल लागते. खोट्या गाड्यांचे पहिले कारण सेटिंगमध्ये असते : साखळीत तीन एस८८ असतील तर नोंदही तीनचीच हवी, कारण हे मॉड्यूल एकामागून एक बिट पुढे ढकलणाऱ्या शिफ्ट रजिस्टरवर चालतात आणि सेंट्रल नोंदवलेल्या संख्येइतके बिट वाचून काढते. नोंद चारची असेल तर शेवटचे सोळा संपर्क निव्वळ कचरा असतात. दुसरे कारण केबल. जुनी सहा तारांची सपाट केबल ढालीशिवाय असते आणि तिच्यातला सिग्नल नाजूक असतो, त्यामुळे ती सांध्यांच्या जाड तारांना समांतर बांधली असेल तर के८३ची प्रत्येक पल्स तिच्यात उमटते. खोटी गाडी नेमकी सांधा बदलताना दिसते का, हे आज संध्याकाळी पाहून ठेवा. तसे असेल तर केबल वेगळ्या वाटेने न्या, आणि जिथे ओलांडावेच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. केबल लांब असेल तर नेटवर्क-केबल वापरणाऱ्या एस८८-एन पद्धतीचे अडॅप्टर घेणे योग्य, पण ते घेण्याआधी व्होल्टेज तपासा. एस८८-एन ५ व्होल्टवरही चालते आणि १२ व्होल्टवरही, आणि ५ व्होल्टसाठी बनवलेले मॉड्यूल १२ व्होल्टवर लावले तर ते जळू शकते.

एक इशारा, तुम्ही विचारला नसला तरी : कीबोर्ड वापरता यावा म्हणून ६०२१ तशीच चालू ठेवून तिचे आणि नव्या सेंट्रलचे आउटपुट एकाच रुळांवर आणू नका. दोन सेंट्रल एकमेकींशी जुळवून सिग्नल देत नाहीत, आणि एकीचे आउटपुट दुसरीच्या अंगावर आले की दोन्हींपैकी नवी आणि महाग तीच सहसा जाते.

कीबोर्डसाठी दोन सभ्य वाटा आहेत. ६०२१ला केवळ बटणांची पेटी म्हणून नव्या सेंट्रलला जोडता यावे यासाठी मेर्क्लिनने कनेक्ट ६०२१ नावाचा दुवा काढला होता. तो सुस्थितीत मिळाला आणि तुमच्या सेंट्रलच्या आवृत्तीशी जुळतो याची खात्री झाली तर कीबोर्ड पूर्वीसारखा वापरता येतो. ईएसयू कंपनीच्या ईकॉस सेंट्रलवर हीच गोष्ट स्निफर नावाच्या इनपुटने होते : जुन्या सेंट्रलचे रुळांचे आउटपुट त्यात घालायचे आणि ईकॉस ते हुकूम ऐकून आपल्या भाषेत पुढे पाठवते. मात्र तुमच्या पेटीचे आयुष्य वाढवण्यासाठी दुसरी सेंट्रल घेण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट मला व्यक्तिशः जास्त पसंत आहे. एस८८ला कळते ते एवढेच की एखादा संपर्क जोडला गेला. तो संपर्क रुळावरच्या चाकांनी जोडला की तुमच्या बोटाने, हे त्याला समजत नाही. तेव्हा तुमच्या तीनपैकी एखादा एस८८ गाड्यांसाठी लागत नसेल तर तो पॅनेलच्या मागे बसवा, त्याच्या सोळा इनपुटांना साधी दाबबटणे जोडा, आणि सेंट्रल स्टेशन ३मध्ये प्रत्येक बटणावर एक घटना, म्हणजे बटण दाबताच चालणारी क्रिया, लावा. एका बटणावर एकच सांधा ठेवता येतो किंवा सबंध मार्ग. जुन्या मेमरीतले मार्ग नव्या सेंट्रलमध्ये आपोआप येत नाहीत, ते तुम्हाला हाताने पुन्हा भरावे लागणारच आहेत, म्हणून हे दोन्ही काम एकत्र करणे सोयीचे पडेल. अडकणाऱ्या सांध्यांची वेळ ५०० केल्यावर काय झाले, आणि खोट्या गाड्या सांधा बदलतानाच दिसतात का, ही दोन निरीक्षणे आणि सेंट्रलचे नेमके मॉडेल कळवलेत तर पुढचे सांगता येईल.